चावडी आणि पार
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला 'तंत्रज्ञान आणि आपण' हा विषय दिला आहे. तो फार मोठा, म्हणून त्यातला एवढासाच तुकडा घेते : आपला रक्तदात्यांचा व्हॉट्सॲप गट, आणि त्यावर कुणी काय लिहावं. हसू नका. विषय किरकोळ वाटतो, पण त्यात कुणाचा तरी जीव अडकलेला असतो.

१९९६ मध्ये आपण दहावी झालो, तेव्हा चाकणची ओळख कांदा-बटाट्याचा बाजार हीच होती. बजाजचा कारखाना १९९९ चा, फोक्सवॅगनचा २००९ चा. आज चहूबाजूंनी कारखाने आहेत आणि मधून पुणे-नाशिक महामार्ग जातो. रक्ताची गरज कधीही पडते. म्हणून आपण गट काढला. नियम एकच होता : कुणाला रक्त हवं असेल तर निरोप टाकायचा, ज्याला जमेल त्यानं जायचं.

आता तिथं सुप्रभात येतं, प्लॉटच्या जाहिराती येतात, निवडणुकीची भांडणं येतात. मागच्या पावसाळ्यात एका रात्री रक्ताचा निरोप आला आणि त्याच्यावर वाढदिवसाच्या साठेक शुभेच्छा पडल्या. त्या रक्तगटाच्या आपल्या दोघांनी तो निरोप सकाळी पाहिला. दोघांनीही कटकट नको म्हणून गटाचा आवाज बंद करून ठेवला होता. रक्त दुसरीकडून मिळालं, माणूस वाचला, म्हणून आज हे शांतपणे बोलता येतंय.

माझ्या कामात असाच अनुभव आहे. सर्व्हरवर काही बिघडलं की आमच्या फोनवर इशारा वाजतो. पण बारीकसारीक गोष्टींसाठीही तो वाजू लागला, की आठवड्याभरात कुणी त्याकडे बघेनासं होतं. मग खरी आग लागते तेव्हाही नाही. माणसं आळशी नसतात. शंभरदा खोटं वाजलेल्या घंटेवरचा त्यांचा विश्वास उडालेला असतो. अवांतर निरोपाची खरी किंमत ही आहे. तो वाचायला दोनच सेकंद लागतात, पण पुढचा निरोप न वाचण्याची सवय तो लावतो.

हा प्रश्न व्हॉट्सॲपच्याही आधीचा आहे. इंटरनेटवर कसं वागावं याची एक नियमावली ऑक्टोबर १९९५ मध्ये निघाली, आपण दहावीच्या वर्गात होतो तेव्हा. तिच्यात विषय सोडू नका असं आहेच. पण त्याच वाक्यात पुढे, केवळ दुसऱ्याच्या शुद्धलेखनाच्या चुका दाखवायला निरोप पाठवू नका, असंही आहे. आणि दोघांचा वाद झाला तर तो दोघांनी आपसात मिटवावा, सगळ्यांसमोर नाही.

हे दुसरं अंग आपण विसरतो. आपल्या गटावर एकानं देवदर्शनाचे फोटो टाकले. त्यावर वीस जणांनी 'हा गट कशासाठी आहे?' असं सुनावलं. फोटो चार होते, सुनावणारे निरोप वीस. मग अवांतर कोण बोललं? तो गट सोडून गेला. न चुकता रक्त देणाऱ्यांपैकी तो एक होता. शिस्त लावायच्या नादात आपण दाता गमावला. सांगायचं असेल तर एकानं, खासगीत, फोन करून सांगावं. आपल्यातले काहीजण रात्रपाळी करून निरोप टाकतात, काहींना लिहिण्यापेक्षा बोलून पाठवणं सोपं जातं. लिहिताना आपला हात आखडता असावा, दुसऱ्याचं वाचताना मन मोठं असावं.

आता सगळ्यात फसवा प्रकार. 'अर्जंट रक्त हवे' असा, कुठून तरी आलेला निरोप. विषयाला धरूनच वाटतो. पण त्यावर तारीख नसते, रुग्णालय नसतं. कित्येकदा तो महिनोन्महिने फिरत असतो. प्लेटलेट्स साधारण पाचच दिवस टिकतात आणि पुरुषाला दोन रक्तदानांमध्ये तीन महिने, स्त्रीला चार महिने थांबावं लागतं. अशा निरोपामागे आपला एक दाता धावला, तर वेळ वाया जातो आणि पुढच्या खऱ्या निरोपावरचा विश्वासही जातो. न तपासता पुढे ढकललेला निरोप कुठवर जातो, हे महाराष्ट्रानं १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाहिलं. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावानं ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणायला सुरुवात केली. यंत्राला मर्यादा घालता येते. विवेक मात्र आपल्यालाच वापरावा लागतो.

मग गप्पा बंद करायच्या का? मुळीच नाही. वाढदिवस, लग्नं, जुने फोटो यांनीच आपण एकमेकांना धरून आहोत. ओळख नसेल तर रात्री दोन वाजता रक्त द्यायला कोण उठेल? फक्त जागा वेगळी हवी. शनिवारच्या बाजारात लिलावाची बोली चालू असताना मध्येच कुणी लग्नपत्रिका वाटत नाही. ती चहाच्या टपरीवर वाटतात. गावातही कामाचं बोलायला चावडी होती आणि गप्पांना पार होता. १ मे २००३ ला सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर स्वयंसेवकांच्या सामाईक चर्चेच्या पानाला नावच 'चावडी' आहे. आणि तिथं प्रत्येक लेखामागचं चर्चापान असतं ते लेख सुधारण्यासाठी, त्या विषयावर वाद घालण्यासाठी नाही.

तर माझी सूचना अशी. आपले दोन गट करू. 'पार' सगळ्यांसाठी, तिथं काहीही चालेल. 'चावडी' फक्त रक्तासाठी, तिचा आवाज कुणीही बंद करायचा नाही. चावडीवरच्या निरोपात पाच गोष्टी हव्यात : रक्तगट, रुग्णालय, तारीख-वेळ, फोन करून खात्री केल्याचा उल्लेख आणि संपर्क. गरज भागली की टाकणाऱ्यानंच 'मिळालं' असं लिहायचं. नाहीतर मागाहून दहाजण धावतात. 'छान', 'नमस्कार', अंगठे, सगळं पारावर.

आणि जो गट सोडून गेला, त्याला फोन कुणी करायचा, हे आज जेवणाच्या पंगतीतच ठरवू. तो आल्याशिवाय चावडी पुरी होणार नाही.