केरेनचा कडा आणि मराठा पलटण



एरिट्रियातील केरेन हे नाव आपल्याकडे फारसे कुणाच्या ओठांवर नाही. वास्तविक १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हिंदी पायदळाने तेथे जे केले, ते दुसऱ्या महायुद्धातील डोंगरी लढ्यांत अग्रभागी मोडते. आणि त्यातील एक रात्र तर पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीची आहे.

प्रथम भूमी समजून घेतली पाहिजे. केरेन सुमारे १३०० मीटर उंचीवर वसलेले. आगोर्दातच्या सखल मुलुखातून येणारा रस्ता डोंगोलासच्या अरुंद खिंडीतून वर चढतो. डाव्या हाताला सांचिलचा डोंगर, उजवीकडे डोलोगोरोडॉकचा किल्ला. खिंडीतील रस्ता इटालियनांनी सुरुंगांनी उडवून बंद केलेला. सावलीला झाड नाही, पाणी पाठीवरून न्यावयाचे, आणि वरून तोफा, उखळी तोफा व मशीनगन यांचा मारा. फेब्रुवारीतील चढाया अपयशी ठरल्या. त्यांतच राजपुताना रायफल्सचे सुभेदार रिछपाल राम यांनी माथा गाठून, दारूगोळा संपेपर्यंत तो लढविला. १२ फेब्रुवारीच्या दुसऱ्या चढाईत ते मरण पावले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

१५ मार्चला पुन्हा हल्ला सुरू झाला. डोलोगोरोडॉकवर सकाळी निघालेली स्कॉटिश पलटण सांचिलवरून होणाऱ्या माऱ्याने उघड्या उतारावर खिळून पडली आणि दिवसभर रणरणत्या उन्हात भाजून निघाली. उजेडात हा चढ चढता येणार नाही, एवढे त्या दिवसाने सिद्ध केले. संध्याकाळी ब्रिगेडियर मेसर्व्ही यांनी लेफ्टनंट कर्नल डेनिस रीड यांची मराठा पलटण पुढे घातली. किल्ल्याखाली दोन सुळके होते. लष्करी नकाशात त्यांना ‘पिनॅकल’ व ‘पिंपल’ म्हणत. मराठ्यांच्या वाट्याला पिनॅकल आला. हातापायांनी खडक धरीत, वरून येणारे हातबाँब अंगावर घेत ते अंधारात वर सरकले आणि संगिनीच्या टोकावर त्यांनी सुळका घेतला. शेजारचा पिंपल फ्रंटियर फोर्सच्या पलटणीने जिंकला. पहाटे शत्रूने सुळक्यांवर जोराचा प्रतिहल्ला चढविला. तो परतवला जात असतानाच यॉर्कशायरची पलटण वरच्या धारेवरून किल्ल्यावर जाऊन आदळली. १६ मार्चच्या सकाळी किल्ला पडला. केरेन पडावयास २७ मार्च उजाडला. साऱ्या लढाईत ब्रिटिश-हिंदी बाजूचे ५३६ ठार व ३२२९ जखमी झाले.

आता अवघड प्रश्न. हे शौर्य कोणाच्या खाती जमा करावयाचे? ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयने हिंदुस्थानला न विचारता त्याला युद्धात लोटले; प्रांतिक काँग्रेस मंत्रिमंडळांनी त्यापायी राजीनामे दिले. पिनॅकल चढला जात होता त्याच दिवसांत, विनोबांनी पवनारला आरंभिलेला वैयक्तिक सत्याग्रह देशभर चालू होता. परंतु याच राष्ट्रीय चळवळीने १९३५-३६ मध्ये मुसोलिनीच्या अबिसीनियावरील आक्रमणाचा खणखणीत निषेध केला होता! ज्या अत्याचाराविरुद्ध सभांतून ठराव झाले, त्याचा पाडाव करणाऱ्यांना ‘भाडोत्री’ म्हणून मोकळे होणे हा सरळ अन्याय होय. केरेन पडले नसते तर ५ मे १९४१ रोजी हैले सेलासी अदिस अबाबात परतले असते काय?

हे शिपाई गेले ते ठराव वाचून नव्हे. कोकणातील आणि घाटावरील तुकड्या-तुकड्यांच्या शेतीवर पोट भरत नव्हते; घरात येणारी मनिऑर्डर हेच कित्येक कुटुंबांचे नगदी पीक होते. दारिद्र्याने भरतीच्या दारात उभे केले, हे खरे. पण काळोखात, खडकाच्या आडून उठून आणखी दहा हात पुढे जावयास दारिद्र्य सांगत नाही. तेथे शेजारचा गाववाला, पलटणीची अब्रू आणि स्वतःचा स्वाभिमान एवढीच पुंजी असते, आणि ती पुंजी साम्राज्याची नव्हे, त्यांची स्वतःची होती.

साम्राज्याचा हिशेब वेगळा होता. १९३९ च्या आर्थिक करारानुसार परदेशी लढणाऱ्या हिंदी सैन्याचा बराचसा खर्च ब्रिटनने सोसावयाचा होता. प्रत्यक्षात तो लंडनच्या वहीत पौंडांच्या रूपाने मांडला गेला आणि येथे त्याच्या आधारावर नोटा छापल्या गेल्या. युद्धाअखेर ही येणे रक्कम सुमारे १३० कोटी पौंड झाली होती. दरम्यान धान्याचे भाव भडकले, १९४३ मध्ये बंगालमध्ये लक्षावधी माणसे उपाशी मेली. शिपाई मनिऑर्डर धाडीत होता, तिची किंमत घरी पोचेपर्यंत घटत होती. शौर्याच्या गाथा लिहिणाऱ्यांनी हे पान सहसा उलटलेले नाही.

ज्यांच्या भूमीवर हे घडले त्यांना तर स्वातंत्र्यही मिळाले नाही. एरिट्रियावर प्रथम ब्रिटिश लष्करी अंमल आला, १९५२ मध्ये इथिओपियाशी जोडणी झाली, १९६२ मध्ये विलीनीकरण. तीस वर्षे लढून १९९३ मध्ये तो देश स्वतंत्र झाला.

आज केरेनमध्ये युद्धातील मृतांची दफनभूमी आहे आणि दहनसंस्कार झालेल्या हिंदू व शीख सैनिकांचे स्मारकही आहे. गावात इटालियनांचीही दफनभूमी आहे. पिनॅकलच्या समोरच्या बाजूने लढलेल्या एरिट्रियन शिपायांपैकी अनेकजण तेथे पुरलेले आहेत; त्यांच्या थडग्यांवर पुष्कळ ठिकाणी नावाऐवजी ‘अज्ञात अस्कारी’ एवढेच कोरलेले आहे.