मॅनेजरीणबाईंचा पगार

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मला चारचौघींत उभे राहून बोलण्याची सवय नाही. मंडळात माझे काम म्हणजे भिशीची वही सांभाळणे आणि हळदीकुंकवाला कॉफीकडे पाहणे. शाळा सातवीला सुटली, ती सुटलीच. पण गेल्या महिन्यात मी माझ्या भाचीच्या पगाराचा हिशेब मांडला, तो चिटणीसताईंच्या कानावर गेला आणि त्यांनी आज मला उभे केले. आपल्यापैकी बहुतेकींच्या घरी आज ना उद्या असा नोकरीचा कागद येणार आहे, म्हणून धीर करते. चुकले तर सांभाळून घ्या.

प्रथम माझीच फजिती सांगते. तीन वर्षांपूर्वी मी आणि शेजारच्या वहिनींनी दिवाळीत चकलीची मागणी घेतली होती. सहा दिवस आम्ही दोघी रोज आठ तास खपलो. सामानाचा, गॅसचा खर्च जाऊन 2,400 रुपये उरले. आम्ही अगदी खुशीत! भाऊबीजेला घरी पेढे आणले. पुढे एकदा भिशीची बेरीज करताना सहज मनात आले म्हणून भागाकार करून पाहिला. दोघींचे मिळून 96 तास, म्हणजे तासाला 25 रुपये. पाठ दुखली ती वेगळीच. त्या दिवसापासून मला एक खोड लागली आहे. कोणी कितीही मोठी रक्कम सांगितली तरी मी विचारते, किती तासांचे?

आता भाचीची गोष्ट. ही माझ्या नणंदेची मुलगी. बी.कॉम. झाली आणि ठाण्याच्या एका मोठ्या मॉलमधील कपड्यांच्या दुकानात काउंटरला लागली. तीन वर्षे तिने उभ्याने काम केले. यंदा फेब्रुवारीत एका रात्री ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, "मामी, मला असिस्टंट मॅनेजर करताहेत. वर्षाला 3,60,000!" आम्ही सर्वांनी तिचे तोंड गोड केले. वन्संच्या डोळ्यांना तर पाणीच आले. महिना 30,000 म्हणजे आमच्या घराण्यात मुलीने पहिल्यांदाच मिळविलेला आकडा.

मी म्हटले, "कागद दाखव बघू."

कागद इंग्रजीत होता. तो मला वाचता येईना, पण आकडे कोणत्याही भाषेत सारखेच. चिटणीसताईंनी पूर्वी हिशेबाच्या कचेरीत काम केलेले आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्याकडे बसून आम्ही एकेक ओळ सोडविली.

त्या 3,60,000 ला म्हणतात सी.टी.सी., म्हणजे कंपनीला त्या माणसापायी येणारा सगळा खर्च. तो पगार नव्हे. त्यातील 36,000 विक्रीचे ठरविलेले लक्ष्य गाठले तरच मिळावयाचे. 21,600 कंपनीने प्रॉव्हिडंट फंडात भरावयाचे. 8,654 ग्रॅच्युइटीचे, ती साधारणपणे पाच वर्षे नोकरी झाल्याखेरीज पदरात पडत नाही. उरलेला थोडा विम्याचा हप्ता. एवढे वजा जाता महिना राहिले 24,000. त्यातून तिच्या वाट्याचा फंड 1,800 कापला जाणार. हा फंड वाया जात नाही, तिच्याच नावावर साठतो, हे मला मान्य आहे. पण वाण्याचे बिल त्यातून भागत नाही. तेव्हा हाती 22,200. तीसच्या ठिकाणी बावीस! वन्सं म्हणाल्या, "फसवलं की काय?" फसविले नव्हते. सगळे कागदावर स्वच्छ लिहिले होते. आपल्याला वाचता येत नव्हते इतकेच.

मग मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. कागदावर आठवड्याला सहा दिवस, रोज नऊ तास. मी म्हटले, "कागद राहू दे. आत्ता त्या जागेवर जी मुलगी आहे ती किती वाजता येते आणि किती वाजता जाते?" भाचीने तिला विचारून घेतले. कुलूप उघडण्यास अर्धा तास आधी, रात्री गल्ला मोजून, हिशेब पाठवून, कुलूप लावून निघेपर्यंत साडेदहा. सरासरीने अकरा तास. 26 दिवसांचे 286 तास. 22,200 ला 286 ने भागले तर तासाला साडेसत्त्याहत्तर रुपये.

काउंटरला असताना तिच्या हाती 17,000 पडत. नऊ तासांच्या हिशेबाने महिन्याचे 234 तास, म्हणजे तासाला साडेबहात्तर रुपये. भगिनींनो, चौदा माणसांवर देखरेख, दुकानाच्या किल्ल्या, गल्ल्याची जबाबदारी, गिऱ्हाइकांची भांडणे, वरच्या साहेबांचे फोन, या सर्वांची किंमत तासाला जेमतेम पाच रुपये!

आणि यात एक मेख आहे, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या राज्यात दुकानांचा 1948 चा कायदा जाऊन 2017 चा नवा कायदा आला. ठरलेल्या तासांहून जास्त काम घेतले तर दुप्पट दराने पैसे द्यावे, असे त्यात आहे. पण ते कामगाराला. व्यवस्थापनाच्या जागेवर बसलेल्या माणसाला ते लागू नाही. मागच्या दिवाळीत भाचीने काउंटरला 40 तास जादा काम केले होते आणि त्या महिन्यात तिच्या हाती 23,000 च्या वर पडले. म्हणजे मॅनेजर होऊन ती तेवढेच तास राबणार आणि त्या महिन्यापेक्षा कमी घेऊन घरी येणार. नाव मोठे झाले की जादा तासांचे पैसे बंद होतात, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

अजून एक गोष्ट वन्संच्याच लक्षात आली. त्यांना साखरेचा आजार आहे. भाचीच्या नोकरीमुळे त्यांना राज्य विमा योजनेच्या दवाखान्यातून औषध मिळते. ती योजना 2017 सालापासून महिना 21,000 पर्यंतच्या पगारालाच आहे. पगार त्यापुढे गेला की नवी वर्गणी घेत नाहीत. आधी भरलेल्या वर्गणीवर काही महिने औषध मिळते आणि मग बंद. कंपनीच्या विम्यात रुग्णालयात पडल्यावरचा खर्च आहे, रोजच्या गोळीचा नाही. शिवाय त्यात आई बसतच नाही. औषधाचे महिना 1,500 धरले. रात्री साडेदहाला दुकान सोडून लोकलने कल्याणला उतरेपर्यंत शेअर रिक्षा मिळत नाही. एकटीने मीटरची रिक्षा 80 रुपये. महिन्यात अशा 13 रात्री धरल्या तर 1,040. पगारातील वाढ 5,200. त्यातून हे दोन्ही वजा केले तर राहिले 2,660, आणि काम वाढले 52 तास. म्हणजे जादा तासाला 51 रुपये. काउंटरच्या दरापेक्षाही कमी!

घरात यावर दोन मते पडली. आमच्या ह्यांचे म्हणणे, "पैशाकडे काय बघता, पद मिळतंय ते घ्या." यात तथ्य आहे, मी नाकारीत नाही. एका दुकानात दोन वर्षे मॅनेजरी केली की दुसऱ्या दुकानात वरच्या पगाराने घेतात. शिकण्याचीही किंमत असते, आणि ती पगारात दिसत नाही. पण उमेदवारी करावयाची तर किती दिवसांची, हे आधी ठरलेले बरे. आपल्यातील किती सुनांनी "पुढे बघू" या दोन शब्दांवर वीस-वीस वर्षे काढली आहेत, ते आपण जाणतोच. असो.

वन्संना भीती की जास्त बोलल्याने आहे तेही जायचे. मी म्हटले, मागण्याआधी बाजारभाव तर विचारू. भाजी घेतानासुद्धा आपण चार गाड्या पाहतो. मॉलमधील नोकरमाणसांची डबा खाण्याची जागा एकच असते. भाचीने तिथे दोन दुसऱ्या दुकानांच्या असिस्टंट मॅनेजरना आडून आडून विचारले. एकीने हाती 24,000 सांगितले, दुसऱ्याने 25,000. आणि तिच्याच कंपनीच्या दुसऱ्या शाखेत तिच्याबरोबरच वर चढविलेल्या एका मुलाला कापाकापीच्या आधीचे 26,000 ठरले होते, तिला 24,000. काम तेच, माणसे तेवढीच. का, तर म्हणे त्याला संसार आहे. आता वन्संच्या घरी मिळविणारी ही एकटीच, तो संसार नव्हे काय? समान कामाला स्त्रीपुरुषांना समान वेतन द्यावे, असा कायदा 1976 साली झाला आणि पुढे 2019 च्या वेतन संहितेत तीच गोष्ट आली. मला हे चिटणीसताईंकडून कळले तेव्हा राग आला, खोटे कशाला सांगू. पण भाचीला मी म्हटले, "रागावून बोलू नकोस. आकडे घेऊन जा."

चार ओळी लिहून ती गेली. कापाकापीच्या आधीचा पगार त्या शाखेतल्याइतका. रात्री बंद करण्याची पाळी आठवड्याला तीनपेक्षा जास्त नाही, आणि त्या रात्री घरी पोचविण्याची सोय. कारण साडेनऊनंतर बाईला काम द्यावयाचे तर तिची संमती आणि जाण्याची सोय हवी, हेही त्या 2017 च्या कायद्यात आहे. मोजणीत माल कमी भरला तर तो तिच्या पगारातून वळता करावयाचा नाही, हे लेखी. आणि विम्यात आईचे नाव.

साहेबांनी पहिल्यांदा हसण्यावारी नेले. मग म्हणाले, विचार करू. आठ दिवस काही उत्तर नाही. त्या आठ दिवसांत वन्संनी माझ्याशी नीट बोलणे सोडले होते, हेही सांगून टाकते. भाचीचेही तोंड उतरले होते. मलाही रात्री वाटे की आपण सातवी शिकलेल्या बाईने पोरीच्या नशिबात कशाला हात घातला?

नवव्या दिवशी कागद आला. पगार 26,000. रात्रीच्या पाळ्या तीन, मालाचे लेखी. जाण्याची सोय म्हणून बंद करण्याच्या रात्री रिक्षाचे पैसे. विम्यात आईचे नाव मात्र नाही, ते औषध आता विकतच घ्यावे लागणार. आणखी एक गंमत झाली. 2023 च्या एप्रिलपासून आपल्या राज्यात महिना 25,000 पर्यंत पगार असलेल्या बायकांना व्यवसाय कर नाही. हिचा पगार त्यापुढे गेला, म्हणून महिना 200 तिथे गेले. फंड आणि कर जाऊन हाती आले बरोबर 24,000.

हे पुरेसे आहे का, असे मला चिटणीसताईंनी विचारले. माझ्या मते जबाबदारीच्या मानाने अजून कमीच आहे. पण पहिली जागा आहे, शेजारच्या दुकानांच्या भावात बसते, आणि मुलाइतका मिळाला. एक वर्षाने पुन्हा बोलावयाचे असे तिने साहेबांसमोरच सांगून ठेवले आहे.

एक एप्रिलला ती कामावर रुजू झाली. मी तिला भिशीच्या वहीसारखीच एक लहान वही दिली आणि आल्यागेल्याची वेळ रोज लिहायला सांगितले. परवा वन्संना घेऊन ती आली होती, तेव्हा वही पाहिली. एप्रिलचे 271 तास भरले. तासाला साडेअठ्ठ्याऐंशी रुपये पडले. दिवाळी अजून यायची आहे.