‘प्रस्तावित’ हा एक शब्द



जाहिरातींचा मजकूर लिहिणे आणि भाषांतरे करणे यावर माझे घर चालले. म्हणून आज माझ्याच धंद्यातल्या एका दुखण्याबद्दल बोलतो. ते दुखणे म्हणजे निवडणुकीच्या जाहिरातीतला खरेपणा.

हावड्याच्या गल्ल्यांत निवडणूक आधी भिंतीवर येते. चुना मारून भिंत पांढरी करतात, रेघा आखतात, मग कुंचल्याने उमेदवाराचे नाव, चिन्ह आणि शेजारी दोन यमकदार ओळी. भिंत रंगवणारी पोरे गल्लीतलीच असतात. काही खोटे लिहिले तर चहाच्या टपरीवर त्यांना अडवून विचारता येते. वर्तमानपत्रातल्या पानभर जाहिरातीला मात्र जाब विचारायचा तर कोर्टाची पायरी चढावी लागते.

मे 2024मध्ये तसेच झाले. भारतीय जनता पक्षाच्या काही जाहिरातींविरुद्ध तृणमूल काँग्रेसने आधी निवडणूक आयोगाकडे तक्रार केली आणि मग कलकत्ता उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायमूर्ती सव्यसाची भट्टाचार्य यांनी त्या जाहिरातींना मनाई केली, आणि तक्रारींची वेळेवर दखल न घेतल्याबद्दल आयोगालाही सुनावले. जाहिराती वस्तुस्थितीला धरून आहेत, असे भाजपचे म्हणणे होते. 27 मे रोजी सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

कोणता पक्ष चांगला आणि कोणता वाईट, हे सांगायला मी उभा नाही. माझ्या मनातून जात नाही ती तारीख. उच्च न्यायालयाचा आदेश आला 20 मे रोजी. त्याच दिवशी हावड्यात मतदान होते, आणि मुंबईतही. जाहिराती छापून आठवडा उलटून गेला होता. आदेशाची बातमी लोकांनी वाचली, तेव्हा बोटावर शाई लागलेली होती. साबण फसवा निघाला तर पुढच्या महिन्यात बदलता येतो. दिलेले मत पाच वर्षे परत घेता येत नाही.

कायदा आहे, पण अपुरा आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 123(4) उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्यावर केलेल्या जाणूनबुजून खोट्या विधानाला भ्रष्ट आचरण मानते. त्यासाठी निवडणूक याचिका करायची, तीही निकालानंतर. दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातीला 2004पासून पूर्वपरवानगी लागते. छापील जाहिरातीला ती मतदानाचा दिवस आणि आदला दिवस एवढ्यापुरतीच. आणि न केलेले काम ‘केले’ म्हणून सांगितले, तर ते 123(4)मध्ये बसतच नाही.

हे मला अनुभवाने ठाऊक आहे. तरुणपणी मुंबईत असताना माझ्याकडे एका उमेदवाराचे हिंदी पत्रक मराठी करायला आले. त्यात ‘प्रस्तावित पूल’ असे होते. पत्रक आणणारा म्हणाला, “तेवढा ‘प्रस्तावित’ काढा, वाचायला जड जातो.” मी काढला. बाकी अक्षर अन् अक्षर खरे होते. निवडणूक झाल्यावर चाळीतल्या एका काकूंनी ते पत्रक घडी उलगडून माझ्यापुढे धरले. “पूल कुठवर आला रे? तू लिहिलंयस म्हणून मी मत दिलं.” मला उत्तर देता आले नाही. ते आजही देता येत नाही.

त्यानंतर मला आधार वाटला तो सखाराम गणेश देउस्करांचा. देवघरजवळच्या करों गावी 1869 साली मराठी घरात जन्मलेल्या या माणसाने बंगालीत ‘देशेर कथा’ लिहिले. 1904चे ते पुस्तक, आणि 1910मध्ये इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. देउस्करही लोकांचे मन वळवायलाच लिहीत होते. पण त्यांनी परक्या राज्याने चालवलेली लूट आकडे मांडून दाखवली. प्रचार खरा राहूनही धारदार होऊ शकतो, याचा दाखला एका मराठी माणसाने याच बंगालमध्ये ठेवला आहे.

म्हणून मतदार म्हणून आपण उमेदवाराची जाहिरात पाहू तेव्हा त्याचे प्रतिज्ञापत्रही उघडून वाचू. ते आयोगाच्या संकेतस्थळावर असते. आणि इथे बसलेल्या लेखक, अनुवादक, पत्रकारांनो, मजकूर हाती आला की विचारू या: काम झाले, मंजूर झाले की नुसते प्रस्तावित आहे? कागद दाखवा. कागद नसेल तर ते वाक्य आपल्या हातून जाणार नाही. पोट मलाही होते, तुम्हालाही आहे; तरीही हे मागतो आहे.

कायद्याने प्रत्येक प्रचारपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव-पत्ता छापावा लागतो. लिहिणाऱ्याचे नाव छापण्याचे बंधन नाही. ते तिथे छापलेले आहे आणि कुणी काकू ते वाचणार आहेत, असे धरून आपण लिहू या.