गिळलेला एरर

आज पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो, तुमचं अभिनंदन. पालकांचं थोडं जास्त.

माझं आयुष्य डिव्हाइस ड्रायव्हर लिहिण्यात गेलं. यंत्र आणि कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, यांच्या मधला हा प्रोग्राम. नीट चालला तर तो आहे हेसुद्धा कुणाला कळत नाही. आमच्या लालबागच्या चाळीत अजून समजतात की मी प्रिंटर दुरुस्त करते. बढत्या मिळायच्या त्या पडद्यावर काहीतरी हलवून दाखवणाऱ्यांना. ‘चालू मशीनमध्ये कार्ड निसटलं तर काय’ हे तपासायला मी आठवडा मागितला की साहेब विचारायचे, “कोण कशाला काढतंय ते?” लॅमिंग्टन रोडवरची स्वस्त नेटवर्क कार्डं कुणाला काढावी लागत नसत, ती आपली आपणच सैल व्हायची. आणि निसटलेल्या पीसीआय कार्डाचं रजिस्टर वाचलं की सगळे बिट एक येतात, ‘मी तयार आहे’ सांगणारा बिटसुद्धा. कार्ड जागेवर नाही आणि ड्रायव्हर खूश!

त्या काळातली एक गोष्ट सांगते. २६ जुलै २००५, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. हिंदमाताजवळच्या एका कचेरीचा सर्व्हर तळमजल्यावर होता. पाणी तुंबणाऱ्या हिंदमाताला तळमजल्यावर सर्व्हर ठेवणाऱ्याला काय म्हणायचं ते परळकरांनीच ठरवावं. डिस्क पाण्यात गेल्या. पण कुणी घाबरलं नव्हतं, कारण रोज रात्री टेपवर बॅकअप व्हायचा, सकाळी पडद्यावर ‘यशस्वी’ उमटायचं आणि वहीत सही पडायची. टेपा लावून पाहिल्या तर बऱ्याचशा अर्धवट लिहिलेल्या. मग मला बोलावणं आलं. ड्रायव्हर परक्या कंपनीचा, आणि त्याचा सोर्स हातात पडेपर्यंत पत्रव्यवहारातच पावसाळा सरला.

झालं होतं ते असं. टेप ड्राइव्ह डेटा आधी आपल्या बफरमध्ये घेतो, ‘मिळाला’ म्हणतो आणि फितीवर सावकाश लिहितो. लिहिताना काही बिघडलं तर ते पुढच्या एखाद्या कमांडच्या वेळी सांगतो. याला डिफर्ड एरर म्हणतात. त्या ड्रायव्हरने हा एरर वाचला, पुसला आणि वर शून्य पाठवलं. शून्य म्हणजे सगळं ठीक. शेजारी कुणीतरी टीप लिहून ठेवली होती: नंतर बघू.

असं फक्त आडबाजूच्या कंपन्यांत होतं असं समजू नका. २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मंडळींना लिनक्समध्ये याचंच भावंड सापडलं. डिस्कवर लिहिणं फसलं तर ‘लिहिलं का’ विचारणारं एफसिंक एकदा एरर द्यायचं. पण न लिहिली गेलेली पानं कर्नेल तोवर ‘स्वच्छ’ ठरवून मोकळं व्हायचं, त्यामुळे पुन्हा विचारलं की उत्तर यायचं, सगळं ठीक. पोस्टग्रेसने शेवटी ठरवलं की एफसिंक फसलं की थांबायचं आणि लॉगवरून पुन्हा उभं राहायचं. मला ते पटलं.

माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते, तिथेही थांबण्याचा हाच नियम. धोट्यातला आडवा धागा तुटला की एक लहानसा काटा ते ओळखतो आणि साचा, म्हणजे माग, जागीच थांबतो. थांबला नाही तर कापड बिघडतं, आणि बिघडलेल्या कापडाचे पैसे कापले जायचे विणकराच्या पगारातून. तुमची ही संस्था १८८७ मध्ये भायखळ्याला निघाली ती अशाच गिरण्यांना जाणकार माणसं मिळावीत यासाठी, म्हणून हे इथे बोलते. पण थांबायचा तो एक साचा, गिरणी नाही. लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हॉल्ड्स कर्नेलच थांबवणारं ‘बग-ऑन’ वापरणाऱ्यांवर वर्षानुवर्षं चिडत आले आहेत ते याचसाठी. एका कार्डाचं बिनसलं म्हणून अख्खं मशीन पाडायचं नसतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने काय केलं ते आठवा. वीसच नोंदी पुरवल्या होत्या आणि कर्नेलमधला त्यांचा ड्रायव्हर एकविसावी वाचायला गेला. सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं निळी पडली, मुंबई विमानतळावर चेक-इन हाताने करावं लागलं. मिळालेल्या नोंदी किती, एवढं आधी मोजलं असतं तर ती फाइल नाकारून काम पुढे चाललं असतं.

थांबून मागे कसं फिरायचं तेही ऐका. गोटू, म्हणजे कोडमध्ये उडी मारायची आज्ञा, वापरलात म्हणून इथे तुमचे गुण कापले गेले असतील. लिनक्सच्या अधिकृत लेखनशैलीत तोच गोटू मान्य आहे. समजा, ड्रायव्हरने आधी मेमरी घेतली, मग इंटरप्ट, मग डीएमए बफर. तिसऱ्या पायरीवर फसलं तर गोटूने उडी मारून इंटरप्ट सोडायचा, मग मेमरी, म्हणजे उलट्या क्रमाने, आणि खरा एरर वर द्यायचा. अध्यापकांनी रागावू नये.

२००१ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लिनक्स तपासलं तेव्हा ड्रायव्हरमध्ये चुकांचं प्रमाण उरलेल्या कर्नेलच्या तीन ते सात पटींपर्यंत निघालं. मला त्यात नवल वाटलं नाही. बिघाडाच्या वाटेवरचा कोड लिहिला जातो, पण चालवून कुणी पाहत नाही. तो पहिल्यांदा चालतो गिऱ्हाइकाच्या घरी, रात्री.

म्हणून माझं मागणं एवढंच, आणि ते मी पुन्हा पुन्हा करणार: एरर गिळू नका. तुमच्यातले बरेच जण ड्रायव्हर लिहिणार नाहीत, पण कुणीतरी दिलेला रिटर्न कोड तुम्हा सगळ्यांच्याच हातात येणार आहे. आणि जे कर्नेलकडे वळतील त्यांच्यासाठी, मेमरी मागितली की मुद्दाम नकार देणारी फेलस्लॅब नावाची सोय लिनक्समध्येच आहे. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ती चालू करा आणि आपला ड्रायव्हर कुठे कोसळतो ते बघा. साहेबांनी वेळ दिला नाही तर माझं नाव सांगा.