शाळेचे पटांगण

मधल्या सुट्टीची घंटा झाली की शाळेचे रूप क्षणार्धात पालटते. घटकेपूर्वी बाकांवर मुकाट बसलेली मुले जिने उतरून धावत सुटतात. परंतु धावत जाणार कोठे, हा प्रश्न मोठ्या शहरांत दिवसेंदिवस बिकट होत चालला आहे. एका शाळेत त्यांच्यापुढे मोकळे पटांगण असते. दुसरीत फरशीचा चिंचोळा चौक, आणि त्यातही निम्मी जागा वाहनांनी अडविलेली. मग पहिल्या शाळेतील मूल चपळ आणि दुसऱ्या शाळेतील मूल आळशी, असा निवाडा घरोघरी होतो. वास्तविक स्वभावाने दोन्ही मुले सारखीच असतात. त्यांच्यात अंतर पाडते ती बहुधा जागा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 5 ते 17 वर्षे वयाच्या मुलामुलींनी रोज सरासरी 60 मिनिटे तरी दम लागेल असा व्यायाम किंवा खेळ केला पाहिजे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीनुसार, 2016 साली 11 ते 17 वर्षांच्या शाळकरी मुलामुलींपैकी शेकडा 81 जणांची हालचाल पुरेशी नव्हती. मुलग्यांत हे प्रमाण शेकडा 78, तर मुलींत 85 होते. ही उणीव सामान्य नव्हे. हाडांना बळकटी येते ती मुख्यतः वाढत्या वयात, धावण्याने आणि उड्या मारण्याने. हा काळ निसटला म्हणजे त्याची पुरी भरपाई पुढे होत नाही.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण आणि खेळाचे साहित्य आवश्यक ठरविले आहे. तथापि केवळ पटांगण असल्याने काम भागत नाही. पुष्कळ शाळांत मैदानाचा मध्यभाग चेंडू खेळणारे दहा-बारा धीट मुलगे व्यापून टाकतात. लहान मुले कडेला सरतात आणि मुली भिंतीलगत गप्पा मारीत फिरतात. मुलींना खेळाची आवडच नसते, असे त्यावरून म्हटले जाते. पण त्यांच्या वाट्याला मैदान आले होते काय, हे कोणी विचारीत नाही. जागेची वाटणी करून दिली, पाळ्या लावल्या, म्हणजे याच मुली लंगडी आणि खो-खो हिरिरीने खेळू लागतात. इंग्लंडमधील काही प्राथमिक शाळांत पटांगणावर नुसते रंगीत पट्टे व चौकोन आखल्यावर मुलांची हालचाल वाढल्याचे दिसून आले. तेथे जमीन वाढली नव्हती. खेळाला निमित्त मिळाले होते.

जागेइतकेच महत्त्व वेळेला आहे. परीक्षा जवळ आली की पहिला बळी जातो तो खेळाच्या तासाचा. गृहपाठ न आणणाऱ्यास मधल्या सुट्टीत वर्गात बसविण्याची शिक्षाही अशीच उफराटी. ज्याला धावण्याची सर्वाधिक गरज, नेमका तोच कोंडला जातो.

जागा अपुरी असली तरी उपाय खुंटत नाही. औंध संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले. त्यांना हातभर रुंद आणि पुरुषभर लांब जागा पुरते. लागतो तो वेळापत्रकातील नित्यनेम. खो-खोलाही दोन खांब आणि थोडेसे मैदान यांपलीकडे काही साहित्य लागत नाही.

पाल्याचे नाव घालताना पालक शाळेचा निकाल आणि शुल्क यांची बारकाईने चौकशी करतात. त्यांनी एकदा मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकापाशी उभे राहून पटांगणाकडेही पाहावे. किती मुले धावत आहेत, किती भिंतीला टेकून उभी आहेत, आणि उभ्या असलेल्यांत मुली किती, एवढे मोजले तरी मुख्याध्यापकांना काय विचारावयाचे ते आपोआप सुचेल.