वर्ग पुढे, वाचन मागे



सन २०१० नंतर शालेय शिक्षणासंबंधी ज्या एका शब्दाने पालकवर्गात सर्वाधिक रोष निर्माण केला, तो शब्द म्हणजे ‘ढकलपास’. त्या वर्षी १ एप्रिल रोजी बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम अमलात आला. आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकास मागे ठेवू नये व शाळेतून काढू नये, असा निर्बंध त्याच्या कलम १६ ने घातला. हेतू सहृदय होता. नापासाचा शिक्का बसलेले गरिबाघरचे मूल पुष्कळदा त्या वर्गात पुन्हा बसतच नसे. ते शेतावर वा घरकामास लागे आणि त्याची शाळा तेथेच संपे.

मात्र त्याच अधिनियमातील कलम २४ चे स्मरण फारसे कोणास राहिले नाही. प्रत्येक बालकाची अध्ययनक्षमता जोखून आवश्यक तेथे त्यास जादा शिकविणे हे शिक्षकाचे कर्तव्य होय, असे त्यात नमूद आहे. मुलांची चाचणीच घेऊ नये, असे तर अधिनियमात कोठेही म्हटले नव्हते. वर्ज्य होती ती मंडळाची परीक्षा. महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले खरे, परंतु त्याचे ओझे नोंदवह्यांवरच अधिक पडले. वर्णनात्मक नोंदींच्या तयार पुस्तिका दुकानांत मिळू लागल्या, यावरून काय ते उमगावे! ‘वाचनाची आवड आहे’ हे वाक्य वहीत सुवाच्य अक्षरांत उतरे. ते मूल वाचते की नाही, हा प्रश्न निराळा.

तथापि साऱ्या दुरवस्थेचे खापर या एका कलमावर फोडणे न्याय्य नव्हे. ‘असर’च्या पाहणीनुसार २००९ मध्ये, म्हणजे अधिनियम लागू होण्यापूर्वीही, ग्रामीण भारतातील पाचवीची निम्म्याहून किंचित अधिक मुलेच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. २०१८ मध्येही हे प्रमाण सुमारे निम्मेच होते. नापास करण्याची मुभा होती तेव्हाही मुलांना वाचता येत नव्हते, आणि ती मुभा गेल्यावरही येत नव्हते.

२०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीस नियमित परीक्षा आणली. अनुत्तीर्ण बालकास जादा शिकवून निकालानंतर दोन महिन्यांत पुन्हा संधी द्यावी आणि तरीही ते उत्तीर्ण न झाल्यास मागे ठेवावे की नाही, हे संबंधित सरकारने ठरवावे, अशी ही तरतूद आहे. शाळेतून काढण्यास मात्र आजही मनाई आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलून २०२३-२४ पासून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा लागू केली, तर केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या नियमांत बदल केला.

येथे पंचांग पाहणे अगत्याचे आहे. महाराष्ट्रात निकाल साधारणतः मेच्या आरंभी लागतात आणि शाळा जूनच्या मध्यास उघडतात. म्हणजे जादा शिकविण्याचे जे दोन महिने कायद्याने दिले, त्यांतील बहुतेक काळ वर्गांना कुलूप असते. शिक्षक सुटीवर, मूल मामाच्या गावी. ऊसतोडीवरून नुकत्याच परतलेल्या कुटुंबातील असेल, तर त्याचे अर्धे वर्ष फडावरच गेलेले. चार वर्षांत जे वाचन आले नाही, ते या कुलूपबंद आठवड्यांत कोणी शिकवावयाचे, याचे उत्तर शासनाच्या नियमांइतकेच त्या त्या गावातील शाळा चालविणाऱ्या संस्थांकडेही मागावे लागेल. खोल्या त्यांच्याच आहेत, आणि किल्ल्याही.