आपली माणसं : बळ आणि धास्ती
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



‘स्वप्नं आणि आपली माणसं’ या विषयावर मला बोलायला सांगितलंय. माझी सगळी नोकरी वॉर्डात गेली, माइकची सवय नाही. सांभाळून घ्या.

शाळेत आपण आनंदीबाई जोशींबद्दल शिकलो. १८८३ साली त्या बोटीने अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. शिकवण्याचा ध्यास गोपाळरावांचा. पण लहानपणी त्यांनी केलेल्या मारहाणीबद्दल आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतून त्यांनाच पत्रात लिहिलं, हे मी फार उशिरा वाचलं. बळ देणारं आणि छळणारं माणूस एकच असू शकतं, हे तेव्हा कळलं.

आमच्या घरी मारहाण नव्हती, माया होती. पण मायेनेही पाय अडतो. बारावीनंतर मला नर्सिंगला जायचं होतं. फीसाठी अण्णांनी दुभती म्हैस विकली. भावकीने नावं ठेवली, तरी ते हटले नाहीत. साडेतीन वर्षांनी मला सरकारी दवाखान्यात नोकरी लागली, तीही दोनशे किलोमीटरवर. ऑर्डरचं पाकीट पोस्टमनने अण्णांच्या हाती दिलं आणि त्यांनी ते चार दिवस ट्रंकेत ठेवलं! वहिनीने हळूच सांगितलं, तेव्हा हजर व्हायला तीनच दिवस उरले होते.

मी खूप चिडले. अण्णा एवढंच म्हणाले, “तिथं रात्रपाळीला एकटी कशी राहशील?”

म्हणजे माझं शिक्षण त्यांना हवंच होतं, मी दूर जाणं झेपत नव्हतं. मग भांडण थांबवून मी म्हटलं, “तुम्हीच चला, जागा बघा.” एसटीने दोघं गेलो. त्यांनी क्वार्टरची कडी दोनदा लावून पाहिली, शेजारच्या सिस्टरांशी बोलले आणि संध्याकाळच्या गाडीने एकटे परतले. पुढे गावभर तेच सांगत फिरायचे, “आमची पोरगी सरकारी नोकरीत आहे!”

मित्रांनो, आपली माणसं अडवतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांच्या पोटात भीती असते. तिला वादाने उत्तर मिळत नाही, माहितीने मिळतं. कुठे राहणार, सोबत कोण, अडचण आली तर काय, हे सांगितलं की निम्मं काम होतं. आणि एवढं करूनही कोणी पाकीट देईना, तर ते मागून घ्यावं लागतं. वहिनीसारखं एक तरी माणूस घरात असावं लागतं.

आता आपण अण्णांच्या वयाचे झालो आहोत. माझी लेक जर्मन शिकतेय, नर्स म्हणून तिकडे जायचं म्हणते. ऐकलं आणि माझ्याही पोटात गोळा आला. पण मी तिला ‘नको’ म्हटलं नाही. “करारपत्र आलं की आपण दोघी मिळून वाचू,” असं सांगितलंय.

या शाळेने आपल्याला प्रश्न विचारायला शिकवलं. मुलांना अडवण्याआधी तेवढा एक प्रश्न विचारूया.